महालामागची हिरवळ

दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी, महिन्यातला शेवटचा रविवार. मोठ्यांना तिकीट तीस रुपये, ज्येष्ठ नागरिकाला पंधरा, गाडी उभी करायचे पन्नास. एकूण एकशे पंचावन्न रुपये मी खिडकीवर दिले. हजर माणसे चार: माझी आई, माझी बायको, गाडी चालवणारा माझा धाकटा भाऊ आणि मी.

अचलपूरच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका नवाबाने उन्हाळ्यात राहण्यासाठी बांधलेला हा महाल आहे. त्याचे नाव लिहीत नाही. तिथल्या कोणाची तक्रार करायची म्हणून हे लिहीत नाही, आणि नाव घातले की ते तक्रारीसारखेच वाचले जाईल. महाल मोठा नाही. जाड भिंती, बुटक्या कमानी, भोवती पाण्याचा हौद आणि हौदातून आत खेळवलेले दगडी पाट. वैशाखात अंगाची लाही होते तेव्हा या पाटांत पाणी सोडायचे, कमानींना वाळ्याच्या ताट्या लावायच्या आणि मधल्या दालनात पडून राहायचे, एवढ्यासाठी सगळा खर्च. आमच्या लहानपणी तिथे वटवाघळे होती म्हणे आणि पाटांत शेळ्या बसत. मग भोवती कुंपण पडले, बरीच वर्षे कुलूप राहिले, आणि अलीकडे सगळे दुरुस्त करून मागेपुढे बगिचा केला. रविवारी अमरावती-अकोल्याची माणसे डबे घेऊन येतात.

आम्हीही डबा नेला होता. तो तसाच परत आला.

आईचे मूत्रपिंड दीड वर्षापासून काम करत नव्हते. आठवड्यातून तीनदा अकोल्याला डायलिसिस, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार. आधी हातातल्या नसेतून होई. ती नस बंद पडली, मग मानेत नळी बसवली. त्या नळीला दोनदा जंतुसंसर्ग झाला. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी मला बाजूला घेतले आणि ही नळी गेली तर आणखी बसवायला जागा राहिली नाही, असे सरळ सांगितले. मी हिशेब खात्यात तीस वर्षे काढली आहेत. आकडा सांगून टाकणारा माणूस मला बरा वाटतो. त्यांनी आकडा सांगितला नाही, पण लांबचे बेत करू नका म्हणाले.

आईला हे मी सांगितले नव्हते. तिला ते कळले होते. त्याच रात्री तिने मला खाटेजवळ बोलावले आणि मला तिथे घेऊन चल म्हणाली. कुठे, ते मला समजायला थोडा वेळ लागला.

आम्ही महानुभाव पंथाचे. आमच्यात मूर्तीपेक्षा जागेला मान. पंथ स्थापणारे स्वामी ज्या ठिकाणी बसले, थांबले, जेवले, ते ठिकाण नेमके लक्षात ठेवायचे, त्यावर ओटा बांधायचा आणि तिथे दंडवत घालायचा, ही आमची रीत. त्या ठिकाणाला स्थान म्हणतात. रिद्धपूरला अशी स्थाने गल्लोगल्ली आहेत आणि आई तिथे दरवर्षी जात असे. पण काही स्थाने आडबाजूला आहेत, कोणाच्या वावरात, कोणाच्या न्हाणीमागे. त्यांतले एक या महालाच्या मागे होते. नवाबाने महाल बांधला त्याच्या कितीतरी आधीपासून ते तिथे असणार.

लग्नानंतर आईची दोन मुले जन्मताच गेली. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा माझी आजी तिला अकोटहून बैलगाडीने या स्थानावर घेऊन आली. आईने काही मागितले नाही. मागायची तिला लाज वाटली, असे ती सांगे. तिने फक्त शब्द दिला. त्या रात्री तिने तो मला जसाच्या तसा सांगितला:

"लेकरू झालं की त्याले घेऊन येतो, असं म्हनलं होतं मी तेथं. बावन वर्स झाले. गेलीच नाई."

लेकरू मी. सुरुवातीला आमचा भाजीपाल्याचा मळा होता, रोज पहाटे तोडा आणि अकोटचा बाजार, मळा सोडून कोणी कुठे जात नव्हते. मग वडील गेले. मग महालाला कुलूप लागले. मग आमची शिक्षणे, नोकऱ्या, घरे. प्रत्येक वर्षी काही ना काही कारण होते आणि प्रत्येक कारण खरे होते. यात दोष कोणाचा, हे मी पुष्कळ वेळा मांडून पाहिले आहे. बाकी शून्य येत नाही.

शनिवारी डायलिसिस झाले की रविवार तिचा त्यातल्या त्यात बरा. म्हणून रविवार ठरला. भावाने ऑक्सिजनचे लहान सिलिंडर भाड्याने आणले. येऊन-जाऊन पाच-सहा तास पुरेल, पण मायला बसल्या जागी दम लागत राहिला तर लवकर संपेल, असे दुकानदाराने त्याला बजावले होते. सिलिंडरच्या घड्याळाचा काटा मी अकोटला पाहिला, अंजनगावला पाहिला, आणि परतवाड्याच्या अलीकडे पाहिला तेव्हा बायकोने माझा हात धरून खाली केला.

वाटेत आई बऱ्यापैकी बोलत होती. तिला दिसत जवळजवळ नव्हतेच, साखरेने दोन्ही डोळे नेले होते, उजेड आणि सावली एवढेच कळे. तरी अंजनगावच्या पानपिंपरीच्या, त्या औषधी वेलाच्या, मळ्यांवरून गाडी गेली ते तिने वासावरून ओळखले. स्थान कसे आहे, हे ती सांगत होती. महालाच्या मागे, हौद आणि आवाराची मागची भिंत यांच्या मध्ये, निंबाखाली. कमरेएवढा ओटा, वर चुना, एका कोपऱ्यात दिव्याला कोनाडा. ती आणि आजी तिथे बसून भाकर खात होत्या, तेव्हा निंबाचा पाला ताटात पडत होता.

भाऊ म्हणाला, बरं झालं, खुणा पक्क्या आहेत.

महालाच्या दाराशी एक मोठी चौकट उभी केली होती, तिच्यात उभे राहून लोक फोटो काढत होते. कचऱ्याच्या टोपल्या पेंग्विनच्या आकाराच्या होत्या. दगडासारख्या दिसणाऱ्या डब्यांतून गाणी लागली होती. आम्ही आईला चाकाच्या खुर्चीतून आत नेले आणि मागच्या बाजूच्या कमानीत, सावलीत बसवले. फेब्रुवारी होता तरी बाहेर ऊन लागत होते आणि त्या कमानीत मात्र अंगावर काटा यावा इतका गारवा होता. नवाबाचे पैसे वाया गेले नव्हते. आईने भिंतीला तळहात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

मी कमानीतून मागे पाहिले. हौदापासून मागच्या भिंतीपर्यंत सपाट हिरवळ होती. मधोमध कारंजे, कडेला फुलांचा वाफा आणि एका उंचीची शोभेची झाडे, त्यांच्या बुंध्यांना पांढरा-तांबडा रंग. निंबाचे झाड नव्हते. ओटा नव्हता.

पुढचा तास मी जे केले ते थोडक्यात लिहितो. हिरवळीच्या चारही कडा फिरलो. भिंतीलगत उंचवटा आहे का, चुन्याचा कुठे अंश आहे का, ते पाहिले. झाडांना पाणी देणाऱ्या दोन बायकांना विचारले. त्या गेल्या वर्षी कामाला लागलेल्या, आल्या तेव्हा असेच होते म्हणाल्या. तिकिटाच्या खिडकीवर विचारले, तिथल्या बाईंनी मॅनेजरकडे पाठवले. मॅनेजर सभ्य माणूस. ठेका बदलला आहे, सपाटीकरण आधीच्या लोकांनी केले, त्यांचा नंबर बंद आहे, असे त्याने सांगितले. मलब्यात पुष्कळ जुने दगड गेले, ते कुठे टाकले कोणास ठाऊक. मी त्याला जुना नकाशा मागितला. त्याने भिंतीवरचा नवा नकाशा दाखवला. त्यात त्या जागेला ‘लॉन क्रमांक दोन’ असे लिहिले होते. बाहेर येऊन मी तिथल्या गावातल्या एका उपदेशी, म्हणजे पंथाचा उपदेश घेतलेल्या, घरी फोन लावला, तिथल्या म्हाताऱ्या बुवांना ओटा आठवत होता, पण कुठे, तर महालाच्या मागे, निंबाखाली. आईपेक्षा एक शब्द जास्त नाही.

तोवर दोन वाजून गेले होते. भाऊ गाडीतून सिलिंडर घेऊन आला होता आणि नळी पुन्हा आईच्या नाकाला लावली होती. मी काटा पाहिला. निम्म्याच्या खाली होता.

भावाने मला हौदाच्या कडेला ओढून नेले. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान, बोअरवेलचा धंदा करतो, जमिनीखाली काय आहे हे न पाहता सांगायची त्याला सवय आहे.

"दादा, त्या कोपऱ्यातल्या झाडाखाली एक दगड हाय," तो म्हणाला. "चांगला चौकोनी. तेथं बसवू माईले. डोकं टेकवन, समाधान होईन, निंगू. तिले काय दिसून रायलं?"

मी नाही म्हणालो. तो चिडला. तुझ्या खरेपणापायी ती इथेच जाईल, मग तो खरेपणा घेऊन बस, असे काहीतरी म्हणाला. त्याचे चूक होते असे मला आजही म्हणवत नाही. त्याला आई जिवंत घरी न्यायची होती. मलाही न्यायची होती. पण तिला कोणत्याही दगडापुढे नेऊन हेच ते असे म्हणायचे, आणि ते तिने मरेपर्यंत खरे धरायचे, हे माझ्या तोंडून निघणार नव्हते. ती जागा आमच्यात नेमकी असते. जवळपास म्हणून काही नसते. एक हात इकडे की नुसती जमीन, एक हात तिकडे की स्थान. तिने जन्मभर तेच मानले होते.

आम्ही कमानीत परत आलो. दोघेही गप्प होतो, त्यावरून तिला कळले असावे. तिने मान माझ्या बाजूला वळवली.

"लहान्या काहीबी दाखवन," ती म्हणाली. "तू मले खोटं नको सांगू, बापू."

मग मी सांगितले. ओटा काढून टाकला आहे. निंब नाही. सगळी हिरवळ आहे आणि कुठे होते ते कोणाला माहीत नाही. विचारायचे तेवढ्यांना विचारले.

ऑक्सिजनचा बारीक आवाज येत होता. पलीकडच्या दालनात शाळेची सहल आली होती, मुले घुमटाखाली ओरडून आपलाच आवाज परत ऐकत होती. आईचे तोंड मी बावन्न वर्षे पाहत आलो आहे. वडील गेले तेव्हाचे पाहिले आहे. असे पाहिले नव्हते. ती रडली असती तर मी काहीतरी केले असते. तिच्या चेहऱ्यावरचे सगळे जागच्या जागी होते आणि आतून कोणी उठून गेल्यासारखे दिसत होते. बायकोने तिचे पाय चोळायला घेतले.

मग तिने विचारले, हौद आणि भिंत, दोन्ही आहेत ना? मी हो म्हणालो. हौद तोच का? हौद तोच, जुना दगड आहे. भिंत? भिंतही तीच, फक्त रंगवली आहे.

"मंग सारी जागा भरून काढ," ती म्हणाली. "दंडवत घाल. एक तरी नेमका पडन."

भाऊ म्हणाला, माय, ते किती मोठं हाय तुले माहीत नाई. ती म्हणाली, तुले कोन सांगून रायलं, मी त्याले सांगून रायली.

मी चपला काढल्या, खिशातला फोन आणि पाकीट बायकोकडे दिले आणि हिरवळीवर उतरलो.

हिरवळ पट्ट्यापट्ट्यांनी अंथरलेली होती, बाजारातून आणलेल्या सतरंजीच्या पट्ट्यांसारखी, आणि पट्ट्यांचे जोड स्पष्ट दिसत होते. पट्टा माझ्या खांद्यांहून थोडा रुंद. म्हणजे हात पुढे तिरपे पसरून निजलो तर एका वेळी दोन पट्टे झाकले जातील. माझी उंची आणि पुढे पसरलेले हात मिळून सात फूट. हे मी उभ्या उभ्या मनात धरले. हौदाच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. पालथे पडायचे, कपाळ टेकायचे, हात पोचतील तिथे बोटाने गवत दाबायचे, उठून त्या खुणेवर उभे राहायचे, पुन्हा पडायचे. भिंत आली की शेजारच्या दोन पट्ट्यांवरून उलट. नुकतेच पाणी दिलेले होते. पहिल्या फेरीतच सदरा पोटापासून गुडघ्यापर्यंत भिजला.

पहिल्या काही दंडवतांना मला शरम वाटली. आजूबाजूला माणसे थांबली. एकाने फोन काढला, मग चौघांनी काढले. एक जोडपे लग्नाआधीचे फोटो काढून घेत होते, मुलीचा लांब घोळदार झगा गवतावर पसरला होता. त्यांचा फोटोग्राफर आला आणि नम्रपणे म्हणाला, काका, पाच मिनिटे थांबता का, तुम्ही फ्रेममध्ये येऊन राहिले. मी म्हणालो, पाच मिनिटे नाहीत. ती मुलगी त्याला म्हणाली, चला तिकडे, आणि झगा दोन्ही हातांनी गोळा करून निघून गेली.

तिसऱ्या फेरीला गुडघा बोलू लागला, चौथीला पाठ. त्यानंतर शरम उरली नाही. कपाळ टेकले की नाकाशी ओल्या मातीचा आणि खताचा वास यायचा आणि दर वेळी मनात एकच यायचे, इथे आहे का? काही कळत नव्हते. गवत सगळीकडे सारखे होते. कमानीतून बायकोचा आवाज ऐकू येई. आई तिला विचारत असे, कोठं आला? आणि ती सांगे, भिंतीपाशी. कोठं आला? परत फिरले.

पाचव्या फेरीत शिट्टी वाजली. वाजतच राहिली. सुरक्षारक्षक जवळ आला, हिरवळीवर चालायलाही मनाई आहे, काका लोळून काय राहिले, दारू पिऊन आले काय, असे म्हणाला. भाऊ धावत आला. तो म्हणाला, "अरे बाबा, तो चहा बी बिनसाखरेचा पेते, त्याले दारू कोन देईन?" त्यावर पाहणारे हसले. रक्षकही जरा हसला, पण मला उठायला सांगितले. मी उठलो नाही. पुढच्या खुणेवर पडलो. मॅनेजरला बोलावणे गेले.

मॅनेजर आला तेव्हा मी सातव्या फेरीत होतो. मी त्याला पडल्या पडल्याच सांगितले, की दंड असेल तो मी भरीन, पूर्ण भरीन, फक्त मला थांबवू नका, माझ्या आईपाशी वेळ नाही. त्याने कमानीकडे पाहिले. नाकाला नळी, खुर्चीत पुढे वाकलेली बाई. तो रक्षकाला म्हणाला, होऊ दे याचं, पावती मग फाडू. भावाने नंतर सांगितले, की मॅनेजर त्याला बाजूला घेऊन म्हणाला, दोनशे रुपये वर दिले तर पावतीची गरज नाही. भावाने त्याला सांगितले, माह्या भावाले हे बोलू नका, तो तुमाले पावतीपुस्तकाचा हिशेब मागन.

मधल्या फेऱ्यांत कारंजे आडवे आले. गोल दगडी कठडा, आत गुडघाभर पाणी. त्याच्या अलीकडे थांबायचे आणि पलीकडून सुरू करायचे, याखेरीज मला काही सुचले नाही. शेवटचा पट्टा झाला तेव्हा महालाची सावली अर्धी हिरवळ ओलांडून गेली होती. मला उभे राहता येत नव्हते. भावाने काखेत हात घालून उठवले. माझ्या तोंडावरचे गवत काढले.

कमानीत गेलो. आईचा श्वास वर वर चालला होता. भाऊ काट्याकडे पाहून म्हणाला, आता निघायलाच पाहिजे, अकोटपर्यंतही पुरेल की नाही सांगता येत नाही. आईने हात पुढे केला, मी तो धरला.

"सारी झाली?"

या प्रश्नाला हो म्हणायला किती सोपे होते. बायको माझ्याकडे पाहत होती. भाऊ माझ्याकडे पाहत होता आणि त्याचे ओठ हो म्हणत होते. जेवढे गवत होते तेवढे सगळे झाले होते. मी म्हणालो, मधे एक कारंजे आहे, बांधलेले. त्याखालची राहिली.

आईने हात सोडला.

"तेथंच असन मंग," ती म्हणाली.

हे तिने रागाने म्हटले नाही. भाजीला भाव मिळाला नाही की बाजारातून येऊन जशी सांगे, तसेच सांगितले. जन्मभर तिचे जे राहिले ते नेमके असेच राहिले होते, त्यामुळे तिला त्यात शंकाच वाटली नाही. बावन्न वर्षांनी ती त्या जागेपासून चाळीस पावलांवर बसली होती आणि जागा दगडाखाली, पाण्याखाली होती.

भावाने खुर्ची वळवायला घेतली. मी त्याला थांब म्हणालो, की म्हणालोच नाही, मला आठवत नाही. मी हिरवळीवरून सरळ गेलो आणि कठडा ओलांडून कारंज्यात उतरलो.

मागे एकदम आरडाओरड झाली. पाण्यात रंगीत दिव्यांच्या वायरी होत्या, त्या मी पाहिल्या होत्या. रक्षक ओरडत होता, काका, करंट हाय, करंट लागन. मॅनेजर बटणाकडे पळाला. दिवे संध्याकाळी लावतात, अजून लागले नव्हते, हे मला माहीत होते, पण खात्री करून उतरलो असे म्हणणार नाही. पाणी थंडगार होते. गोल जागेत सरळ ओळी बसत नाहीत. मी कडेने सुरुवात केली, मग आत आत आलो. श्वास धरायचा, पालथे पडायचे, कपाळ तळाला लावायचे, उठायचे. तळाला निळ्या फरश्या होत्या आणि त्यांवर शेवाळ. हात ठरत नव्हता. मधल्या नळाच्या तोंडावर एकदा कपाळ आपटले. नाकात पाणी गेले. शेवटचा दंडवत मी त्या नळाला मिठी मारूनच घातला, कारण तेवढ्या जागेवर तो होता.

बाहेर आलो तेव्हा कोणी फोटो काढत नव्हते. लोक बाजूला झाले.

आईपाशी जाऊन गुडघ्यांवर बसलो. अंगातून पाणी गळत होते. मी तिला सांगितले, की आता काही उरले नाही. भिंतीपासून हौदापर्यंत सगळी जागा झाली, कारंज्यातलीही.

"दिसला काय ओटा, खाली?"

"नाही. फरशी आहे."

तिने मान हलवली. मग चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवला, केसांतून खाली आणला, आणि कपाळावर जिथे फुटले होते तिथे तिची बोटे थांबली.

"लागलं काय रे?" तिने विचारले.

मी थोडे लागले म्हणालो. तिने अंगठ्याने ते पुसले, अंगठा पदराला पुसला आणि चाला म्हणाली. तिला बरे वाटले की नाही, हे तिच्या तोंडावरून मला समजले नाही, आणि त्यानंतर तिने हा विषय काढला नाही. आणखी दोनदा ती डायलिसिसला गेली. तिसऱ्यांदा नको म्हणाली. ती जागा मी झाकली की नाही, हे मला आजही माहीत नाही. निंब जर भिंतीच्या अगदी बुडाशी असेल, तर आता तिथे फुलांचा वाफा आहे, आणि वाफ्याचा विचार मला अकोटच्या पुढे आल्यावर सुचला. ते मी तिला सांगितले नाही. तिने विचारले नाही.

भावाने तिला उचलून गाडीत ठेवले आणि सिलिंडर पायाशी लावले. मी ओल्या कपड्यांनी खिडकीवर गेलो. हिरवळीवर गेल्याचा दंड पाचशे रुपये आणि कारंज्यात उतरल्याचा हजार, असे मॅनेजरने सांगितले. तो म्हणाला, हिरवळीचे सोडून देतो. मी सोडू नका म्हणालो. बायकोकडून पाकीट घेतले आणि पंधराशे रुपये रोख, बगिच्याच्या ठेकेदाराच्या नावाने, खिडकीवरच्या बाईंच्या हातात दिले.